खळ दिलेली वेणी

सुरतेजवळ बमरोलीला आमच्या चाळीमागच्या विहिरीचं पाणी इतकं खारं होतं, की माय वरणात मीठच घालत नसे. निदान शाळेत मी तसं सांगायचे. त्या पाण्यानं दोनदा डोकं धुतलं की केसांचा सुंभ व्हायचा, आणि तिसऱ्यांदा धुतलं तर त्या सुंभानं खाटही विणता आली नसती. त्यात वैशाखाचं ऊन आणि खाडीकडून येणारी चिकट हवा. सकाळी माय माझी वेणी घालून द्यायची तेव्हा ती गुळगुळीत असायची. दुपारी मी घरी यायचे ती डोक्यावर बाभळ घेऊन. मागांच्या शेडमधून उडणारे धाग्यांचे तंतू त्या बाभळीत अडकायचे. एकदा एका चिमणीनं माझ्या डोक्यात घरटं बांधायला घेतलं होतं. पूर्ण बांधलं नाही, पण दोन काड्या आणून ठेवल्या होत्या, त्यांवर मी आजही शपथ घेईन.

माझे वडील, आबा, खान्देशातून आलेले, शेठच्या खात्यात मागावर कारागीर. सुरतेत मागांच्या शेडला खातंच म्हणतात. माय घरी चरख्यावर कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची आडव्या धाग्याची छोटी रीळ. दिवसाकाठी ती इतका धागा गुंडाळायची, की तो सोडून दिला असता तर सुरतेपासून भुसावळपर्यंत जाऊन परत येता आलं असतं. बोटांत धागा घेऊनच तिचं आयुष्य गेलं, त्यामुळे केसांनाही ती धागाच समजायची. धागा उठला, पिंजला, तर तो ओढायचा नाही, बसवायचा, असं तिचं म्हणणं.

उन्हाळ्यातला रविवार केसांचा. आदल्या दिवशी मेथी भिजत घातलेली, शिकेकाई ठेचलेली. डोकं विहिरीच्याच पाण्यानं धुवायचं, पण शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा. ते पाणी दीड कोसावरून डोक्यावर आणलेलं असायचं, त्यामुळे त्या तांब्यातला थेंब जरी जमिनीवर सांडला तर माय माझ्याकडे असं बघायची जणू मी देव्हारा उलथला. मग आबांचं जुनं मऊ धोतर केसांना गुंडाळून दाबायचं. चोळायचं नाही. जवस उकळून गाळलेलं बुळबुळीत पाणी ओल्या केसांना खालून वर लावायचं, वर तिळाच्या तेलाचे दोन थेंब, आणि वारा लागायच्या आत वेणी. फणी फिरवायची ती आधी शेंड्यांकडून. मुळापासून फणी ओढणाऱ्या बाईला माय माणसात धरत नसे.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आखाजी जवळ आली आणि आबा माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, आणायला खान्देशात गेले. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आखाजीला सासरची लेक माहेरी आलीच पाहिजे. नाही आली तर त्या घरी कुणी मेलंय असं समजतात. आक्काचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. पहिल्या आखाजीला सासरच्यांनी धाडलं नव्हतं, शेतीचं काम सांगितलं होतं. आमच्या चाळीत सगळे विचारत होते, वैशाखात कसली शेती असते.

आक्काचे केस म्हणजे चाळीची मालमत्ता. ती डोकं धुवायची तेव्हा शेंडे मातीला लागू नयेत म्हणून मी ते दोन्ही हातांवर झेलून उभी राहायचे, आणि तरी माझ्या हातात मावायचे नाहीत. लग्न ठरवायला आले तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूनं वेणी हातात धरून वजन पाहिलं होतं, भाजी घेताना बघतात तसं. पाहून म्हणाली होती, "पसंत शे."

ती आली तेव्हा डोक्यावरून पदर घट्ट ओढून आली. घरात आल्यावरही तिनं पदर काढला नाही. मायनंच काढला. मी धावत पुढे गेले होते, तिची वेणी धरून झोका घ्यायचा माझा बेत होता. वेणी होती, पण ती माझ्या करंगळीएवढ्या जाडीची. बाकी सगळे केस तुटून, पिंजून, कानाभोवती उभे राहिलेले. आईनं मुलीला विचारावं तसं मायनं काही विचारलं नाही. तिनं ते केस चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाली, "पानी खारं व्हई तठलं."

"हां," आक्का म्हणाली. "फार खारं शे."

आता आक्काचं सासर तापीपासून हाकेच्या अंतरावर. तिथलं पाणी इतकं गोड की आमच्याकडचा पाहुणा तिथून आला की बाटली भरून आणायचा. हे मला ठाऊक होतं, मायलाही ठाऊक होतं. पण पाणी खारं असलं तर उपाय घरात होता. दुसरं काही असलं तर त्याला आमच्या घरात काही नव्हतं. सासरची माणसं आठ दिवसांनी तिला न्यायला येणार होती. माय दुसऱ्या दिवशी पहाटे जवस घेऊन चुलीशी बसली.

ते आठ दिवस आमच्या घरात दुसरं काम झालं नाही म्हटलं तरी चालेल. कोरफड आली, ताक आलं, जास्वंदीचा पाला आला, एरंडेल आलं. शेजारच्या सुरती काकीनं तिच्या गावाकडचं कसलं तरी काळं तेल दिलं, त्याचा वास असा की विहिरीवरची कुत्री आमच्या दारातून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आक्का बसायची. जे लावाल ते लावून घ्यायची. आखाजीच्या झोक्यावर पोरी बोलवायला आल्या तर म्हणायची, "केस ओले आहेत."

आठ दिवसांतल्या एका सकाळी मायला कांड्या पोचवायला जायचं होतं, म्हणून आक्काचं डोकं धुवायचं काम माझ्याकडे आलं. मी पाणी ओतत होते. डाव्या कानामागे बोट गेलं आणि घसरलं. तिथं केसच नव्हते. रुपयाएवढी जागा, गुलाबी, नव्या कातडीची, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखी. तिच्या कडेला केसांचे खुंट.

"आक्का, हाई काय?"

तिनं हातानं ती जागा झाकली. मग हात काढला. "भाकरीत केस व्हता," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग वढा."

"केस?"

"सगळाच."

आणि मग तिनं खाली मान घालून, पाण्याच्या धारेखालीच, सांगितलं. सासूनं तेलाची बाटली पेटीत कुलूप लावून ठेवली होती, कारण सुनेच्या डोक्याला तेल फार लागतं. तेल नाही म्हणून केस कोरडे झाले, कोरडे झाले म्हणून तुटायला लागले, तुटले म्हणून उडून पिठात पडायला लागले. आणि पिठात पडले की नवरा किंवा सासू, ज्याच्या ताटात निघेल ते, उठून यायचं आणि मूठ धरून तिचे केस ओढायचं. "कोनले सांगू नको," ती म्हणाली. मग जराशी हसलीही. "सांग नाहीतर. तुन्यावर कोन इस्वास ठेवस?"

ते खरं होतं. त्याच महिन्यात मी चाळीत सांगितलं होतं की विहिरीत मगर आहे आणि ती माझ्याशी अहिराणीत बोलते. अर्धी चाळ काठ्या घेऊन विहिरीवर गेली होती.

तरी मी मायला सांगितलं. कांड्या पोचवून आली, टोपली उतरवली, तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. सगळं सांगितलं, पेटी, बाटली, भाकरी, गुलाबी जागा. नेहमीसारखं वाढवून नाही सांगितलं. एक शब्दही वरचा घातला नाही, आणि बहुतेक त्यामुळेच ते माझं बोलणं वाटलं नसावं.

"काल मगर व्हती, आज हाई," माय म्हणाली. "उद्या काय, हत्ती?"

"माय, तू बघ ना तिच्या कानामागे."

"माले कांड्या भरन्या शेतस."

ती चरख्याला बसली. आक्का तीन हातांवर होती, भिंतीकडे तोंड करून केस वाळवत. उठून बघायला काय लागलं असतं? माय उठली नाही. संध्याकाळी आबांना मी तेच सांगायला गेले तर त्यांनी मान वर न करता विचारलं, "केस नीट झाले ना आता? मग झालं. दिल्या घरी पोरीनं नीट राहायचं असतं."

म्हणजे सगळं केसांवर आलं. मी विचार केला, आणि तो विचार मला आजही चुकीचा वाटत नाही. केस उडतात म्हणून ओढतात. मग केस असे बसवायचे की वादळ आलं तरी एक उडता कामा नये. जवसाचं पाणी दुपारपर्यंत टिकतं, तेल संध्याकाळपर्यंत. त्यापेक्षा टिकाऊ काय? मागावर जे उभे धागे ताणतात, तो ताणा. त्याचेही तंतू उठतात, तुटतात, एकमेकांत अडकतात. म्हणून त्याला विणण्याआधी खळ देतात. खळ दिलेला धागा दिवसभर धोट्याचे तडाखे खातो आणि त्याचा एक तंतू उठत नाही. हे खात्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आक्काला दिवसभर जे खायचं होतं त्यापुढे धोटा काय?

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी माय गोडं पाणी आणायला गेली आणि मी डबा घेऊन खात्यामागच्या शेडमध्ये गेले. तिथले खळवाले मामा मोठ्या कढईत पीठ, डिंक आणि कसलीशी चरबी ढवळत होते.

"कशाला पाहिजे गं?"

"वह्यांना पुठ्ठे चिकटवायला."

"एवढी? किती वह्या?"

"चारशे," मी म्हटलं. मामांनी डबा भरून दिला.

आक्कानं डब्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि ओळखलं. ती हसायला लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसली. "लाव," म्हणाली. "धाग्याले चालस ते माले काय व्हस?" मी मायनं शिकवल्यासारखंच लावलं, एकेक बट घेऊन, शेंड्यापासून मुळापर्यंत, वरून फणीनं चोपून. कानामागची जागा झाकेल अशी एक जाडसर बट तिथून नेली आणि वेणी घातली. काय गुळगुळीत झाले होते ते केस! आरशाची गरज नव्हती, मी त्यांत माझे दात मोजले. आक्का ओट्यावर उन्हात बसली.

वैशाखातलं सुरतचं ऊन. अर्ध्या तासात ते डोकं वाळलं. मी वेणी उचलायला गेले तर वेणी उचलली नाही, आक्काच उचलली गेली. वेणी सरळ मागे उभी होती, दाराच्या अडसरासारखी. मी बोटानं वाजवून बघितलं तर दारावर टकटक केल्यासारखा आवाज आला, आणि आतून काकीनं विचारलं, "कोण छे?"

काकी बाहेर आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "अरे बाप रे! आ तो पाटियुं थई गयुं!" खरंच लाकडाची फळी झाली होती. चाळीतल्या बायका जमल्या. कुणी म्हणे केरोसीन लावा, कुणी म्हणे कापा. कापा म्हणणारीच्या अंगावर चार जणी धावल्या, नवरा जिवंत असताना बाईच्या केसांना कात्री लावतात का? आक्का मध्ये बसलेली, मान वळवता येत नव्हती, हसूही थांबलेलं. तेवढ्यात माय हंडे घेऊन आली. तिच्या मागून, उद्या यायचे ते आजच, दुपारच्या गाडीनं उतरलेले आक्काचा नवरा आणि सासू आले.

माय एवढंच म्हणाली, "हाई काय करं वं तू?" मग हंडा उतरवला. ते गोडं पाणी होतं, प्यायचं. त्यातलंच तिनं चुलीवर तापायला ठेवलं. काकी ओरडत होती, "गरम पाणी लावो, जल्दी!" पाहुण्यांना ओट्यावर बसवलं, त्यांना गूळपाणी दिलं, आणि त्यांच्यासमोरच, कारण दुसरी जागाच नव्हती, मायनं आक्काच्या डोक्यावर कढत पाणी सोडलं.

खळ सुटायला लागली की आधी बुळबुळीत होते. केसांचे पाच-सात जाड दोर झाले आणि ते आपापल्या वाटेनं खाली ओघळले. झाकणारी बट समोर आली. दुपारच्या लख्ख उन्हात डाव्या कानामागची ती गुलाबी जागा सगळ्या चाळीनं पाहिली.

सासू पटकन उठली. "देखं?" ती म्हणाली. "देखं काय करं तुमनी पोरनी! खळ लाईसन केस उपटात. आमना घरनी सून शे ती!"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मगर सांगणारी, चारशे वह्या सांगणारी. त्यांना ते पटलं, मला दिसत होतं. मी "मी नही!" म्हणाले आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. आक्का खाली बघत होती. तिनं होकाराची एक मान हलवली असती तर सगळं मिटलं असतं. मला दोन रट्टे, तिला उद्याची गाडी.

मायनं तांब्या खाली ठेवला. ती आक्काच्या मागे उकिडवी बसली आणि त्या जागेच्या कडेचे खुंट तिनं अंगठा आणि तर्जनीत धरले. एकेक. डोळे मिटून, कांडी भरताना तुटलेलं टोक शोधते तशी. धागा झिजून तुटला तर त्याचं टोक पिंजलेलं असतं, कापला तर बोथट, हिसका देऊन तोडला तर टोक बारीक होत गेलेलं आणि वळलेलं. हे तिला अंधारातही कळायचं. इथले काही खुंट पुन्हा नखाएवढे वाढले होते. तिनं ते सगळे तपासले.  खात्यातून मागांचा आवाज येत होता.

"हाई आजनं नही," ती शेवटी म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली नाही. "दोन महिनानं शे. नि हाई वढेल शे."

"म्हंजे काय म्हनस तू?" सासू.

"केस वाढतीन तव्हय धाडसू पोरले."

आक्काचा नवरा तोवर बोलला नव्हता. त्यानं विचारलं, "कितला वाढतीन तव्हय?"

"तुमले दिन्हा व्हतात तितला."

काय गोंधळ झाला तो मी सांगत नाही, कारण मी सांगितला तर वाढवून सांगेन, आणि तो वाढवायची गरज नव्हती. आबा खात्यातून धावत आले. ते मायला चाळीसमोर नको ते बोलले. विहिणीच्या हातापाया पडले. सासू आणि जावई न जेवता गेले. आबा त्यानंतर पंधरा दिवस मायच्या हातचं जेवले, पण तिच्याशी बोलले नाहीत.

आमच्या भाऊबंदांत मात्र गोष्ट वेगळीच पसरली. धाकटीनं थोरलीच्या डोक्याला खळ लावली, केस गेले, म्हणून संसार मोडला. लग्नांत, बारशांत लांबच्या मावश्या मला बोटानं दाखवायच्या. माय एकदाही म्हणाली नाही की तसं नव्हतं. मी तिला एकदा चिडून विचारलं तर म्हणाली, "तुले काय व्हस? तू तशीबी थापाडी. तिनं नाव तरी वाचनं." तिचं नाव वाचलं, एवढंच तिला हवं होतं. मला काय झालं, ते मी तिला सांगितलं नाही.

आक्का चरख्याला बसायला लागली. रविवारी आम्हा दोघींची डोकी माय एकत्र धुवायची, शेवटचा गोडा तांब्या आधी तिला. केस भराभर यायला लागले. आणि ते जसजसे वाढू लागले तसतशी आक्का गप्प होऊ लागली. पुढच्या आखाजीला नवरा एकटा आला. मायनं आक्काला पाठ करून बसवलं, वेणी सोडली, वीत लावली. कमरेच्या वर होती, लग्नातल्यापेक्षा तोकडी. तो गेला. त्याच्या पुढच्या वर्षी आबांनी आधीच सांगून ठेवलं, की यंदा पोरगी जाईल, दोन वर्षं पुष्कळ झाली, लोकांना तोंड दाखवता येत नाही.

त्या आखाजीच्या आठवड्यात मी न्हाणीत गेले तर आक्का दाराकडे पाठ करून उभी होती. हातात मागावरची धागे कापायची कातर. पायाशी कागदावर केसांचे शेंडे, बोटभर लांबीचे, नीट एका दिशेनं ठेवलेले. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. कुंकू लावणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातानं केस कापणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत होतं. मी दार ओढून घेतलं. ती पुडी मी चुलीत टाकली, आणि वास येऊ नये म्हणून वर मिरच्या टाकल्या. सगळी चाळ खोकत बाहेर आली. ही एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

जावई आला. आबा समोर बसले. मायनं वेणी सोडली, केस पाठीवर पसरले, वीत लावत खाली आली. शेंड्यांशी तिचा अंगठा थांबला. तिनं टोकं चिमटीत चाचपली. आक्काची पाठ ताठ झाली होती.

"चार बोटं कमी शेतस," माय म्हणाली.

"चार बोटांचं काय एवढं?" आबा म्हणाले.

"कमी ते कमी."

त्यानंतर तो आला नाही. पावसाळा संपता संपता निरोप आला की त्यानं दुसरी केली. आक्का त्या दिवशी फार रडली. मला वाटलं होतं ती हसेल. कुंकू पुसायचं की ठेवायचं हे तिला कळेना, आणि कुणालाच कळेना. आबा उठून कामावर गेले. दुपारी माय तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे बसली.

"जास्त नको लावू," आक्का म्हणाली. "गोधडीले लागस."

"लागू दे," माय म्हणाली, आणि वाटी तशीच तिच्या डोक्यावर उपडी केली.